क्षयरुग्णांच्या शिध्यासाठी मंडळाचे आवाहन

स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागाला मंडळाची ओळख नव्याने करून द्यायला नको. विडी वळणाऱ्या घरांतला खोकला तंबाखूच्या नावावर खपत होता, तेव्हापासून आपल्या कार्यकर्त्या बेडक्याच्या तपासणीच्या डब्या घेऊन दारोदार फिरत आहेत. चाटी गल्लीतील ज्या व्यापाऱ्यांनी ‘नाव छापलंत तर पुढच्या वर्षी येऊ नका’ असा दम भरून पहिला वजनकाटा दिला, त्यांचे ऋण कसे फेडावे? टॉवेल कारखान्यातील कामगारांनी बोनसमधून वर्गणी काढली. गिरणीवाल्या मामांनी ज्वारी फुकट दळली. निवृत्त बाईंनी पेन्शनीतून दोन रुग्णांचे दूध चालवले, तेही कोणाला न सांगता.

औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेचे (रुग्णाच्या आहारासाठी सरकार देते ते) दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण उपाशीपोटी सहा महिने गोळ्या सोसत नाहीत. मळमळ सुरू झाली की माणूस डोस सोडतो. रुग्णाच्या घरच्यांनाही शिधा दिला तर त्यांच्यात नवा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी घटतो, असे झारखंडमधील अभ्यासात २०२३ साली दिसले. म्हणून आपण घरच्यांनाही देतो.

यंदा अनुदान मंजूर झाले, पेढेही वाटले गेले. मंजुरीचे पत्र मात्र कोणी वाचले नाही. त्यातली अट अशी : आधी मंडळाने स्वतःचा वाटा जमा दाखवायचा, मग पहिला हप्ता. तो खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामी खर्चल्याचा दाखला) दिले की दुसरा. अनुदानात शिध्याला पैसे आहेत, तो घरोघर पोचवणाऱ्या बाईच्या मानधनाला, जागाभाड्याला, ऑडिटला नाहीत.

गेल्या वर्षीही पत्रके वाटली होती. सर्वसाधारण सभेच्या खुर्च्या रिकाम्याच परत गेल्या. मार्कंडेय रथोत्सवात पाणी वाटायला शेकडो हात येतात. आमच्याकडे पोती उचलायला खजिनदार (वय ७१) आणि मी.

देणगी ३० तारखेच्या आत. कार्यालय सायं. ६ ते ८, सोमवार बंद. आयकर सवलतीची ८०जी पावती मिळेल, मात्र २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला सवलत नाही, चेक द्यावा (मंडळाच्या नावे, क्रॉस करून). पॅन लिहिणे. वस्तुरूपाने : एका रुग्णाला दरमहा धान्य ३ किलो, डाळ दीड किलो, तेल पाव किलो, शेंगदाणे १ किलो. कपडे नकोत, मागचेच पडून आहेत.

आपला,
चिटणीस