मूल हरवलं की आधी आईवडिलांचा निकाल लागतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांब होणार आहे, जागेअभावी कापायचं तर कापा, पण मुलांच्या शोधाबद्दल जे लिहिलंय तेवढं राहू द्या.

मूल हरवल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवसापर्यंत लोकांचा निकाल तयार असतो. मूल सापडलेलं नसतं, तपास धड सुरू झालेला नसतो, पण आईचा तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला असतो आणि त्यावर चर्चा चालू असते की ही रडतेय का, किती रडतेय, केस विंचरायला कसा काय वेळ मिळाला. नाही रडली तर दगडाच्या काळजाची आणि धाय मोकलून रडली तर नाटकं करतेय. कॅमेऱ्यासमोर आली तर प्रसिद्धी पाहिजे, नाही आली तर काहीतरी लपवतेय. आता यातून त्या बाईने सुटायचं कसं ते कोणीतरी मला समजावून सांगा.

आणि हे काही मोबाईल आल्यापासूनचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या लिंडी चेंबरलेनची केस बऱ्याच जणांना माहीत असेल. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या कॅम्पमध्ये तंबूतून तिची नऊ आठवड्यांची मुलगी गेली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने नेली असं ती पहिल्या क्षणापासून ओरडून सांगत होती. तिथल्या आदिवासी माग काढणाऱ्यांना तंबूजवळ डिंगोच्या पावलांचे माग दिसले होते, पहिल्या चौकशीत कॉरोनरनेही, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानेही, तिचं म्हणणं मान्य केलं होतं. पण लोकांना ते पटेना. का, तर ती टीव्हीवर शांतपणे बोलत होती. तिचा पंथ वेगळा होता. बाळाला काळा फ्रॉक घातला होता म्हणे. मुलीच्या नावाचा अर्थ ‘रानात दिलेला बळी’ असा होतो अशी कोणीतरी पुडी सोडली, जी धादांत खोटी होती, पण घरोघरी पोचली. मग परत चौकशी, मग खटला, गाडीत म्हणे बाळाचं रक्त सापडलं, आणि १९८२ मध्ये तिला खुनासाठी जन्मठेप. तेव्हा ती गरोदर होती, दुसरी मुलगी तिला कैदेत असताना झाली. (नवऱ्यालाही तिला मदत केल्याबद्दल दोषी धरलं होतं, पण लोकांच्या तोंडी कायम नाव आईचं.)

पुढे काय झालं ते बघा. बाळाच्या अंगात एक छोटं जॅकेट होतं असं लिंडी सांगत होती आणि सरकारी पक्ष म्हणत होता की असलं काही जॅकेट नव्हतंच. १९८६ मध्ये त्या खडकावरून पडलेल्या एका पर्यटकाला शोधताना तेच जॅकेट डिंगोंच्या बिळांच्या भागात सापडलं. काही दिवसांत तिला सोडलं. गाडीतलं ते ‘रक्त’ म्हणजे गाडीचा आवाज कमी करायला कारखान्यातच मारलेलं रसायन निघालं. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि मुलीच्या मृत्यूच्या दाखल्यावर डिंगो हे कारण यायला जून २०१२ उजाडला. बत्तीस वर्षं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि सुरुवात कशाने झाली तर ही बाई पुरेशी रडत नाही या एका गोष्टीने.

मॅककॅन दांपत्याचं तर आपल्या डोळ्यांसमोर झालं. मे २००७, पोर्तुगालमधलं प्राया दा लूझ, चार वर्षांचीही पुरती न झालेली मुलगी झोपली होती त्या खोलीतून गायब. मुलांना एकटं ठेवून आईवडील जवळच जेवायला गेले होते, ते चुकलं, त्यांनी स्वतःच ते हजारदा म्हटलंय. पण चूक करणं वेगळं आणि मुलीला मारून टाकणं वेगळं, आणि पेपरवाल्यांनी या दोन्हीमधलं अंतर एका रात्रीत पार केलं. सप्टेंबरमध्ये पोलिसांनी त्यांना अधिकृत संशयित केलं, जुलै २००८ मध्ये तो शिक्का काढला. त्याच्या आधीच, मार्च २००८ मध्ये, ब्रिटनमधल्या डेली एक्सप्रेस आणि डेली स्टार या पेपरांना पहिल्या पानावर माफी छापावी लागली आणि साडेपाच लाख पौंड भरावे लागले. आई कॅमेऱ्यासमोर रडत का नाही यावर तेव्हा किती शाई खर्च झाली! आणि तिनेच नंतर सांगितलं की भावना दाखवू नका, ज्याने मूल नेलंय त्याला त्यातच मजा वाटू शकते, असा सल्ला त्यांना दिलेला होता. आता काय बोलायचं.

लगेच कोणीतरी म्हणणार की पण काही वेळा आईबापच दोषी निघतात ना. निघतात. २००८ मध्येच इंग्लंडमध्ये एक नऊ वर्षांची मुलगी हरवली आणि चोवीस दिवसांनी घरच्यांच्याच ओळखीतल्या माणसाच्या फ्लॅटमध्ये पलंगाच्या आत लपवलेली सापडली, आईला त्यात शिक्षा झाली. म्हणून पोलिसांनी घरच्यांची चौकशी करायलाच पाहिजे, सगळ्यात आधी करायला पाहिजे, त्याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. घर बघा, फोन बघा, दोघांना वेगवेगळं बसवून विचारा. पण पोलिसांच्या चौकशीला शेवट असतो. घरचे यात नाहीत असं दिसलं की ते पुढच्या माणसाकडे वळतात, निदान वळायला पाहिजेत. लोकांच्या चौकशीत निर्दोष सुटका ही सोयच नाही.

अमेरिकेतल्या जेसी डुगार्डचं उदाहरण मला सगळ्यात जास्त बोचतं. जून १९९१, अकरा वर्षांची मुलगी शाळेच्या बसकडे चालली होती, गाडीतून आलेल्यांनी तिला ओढून नेलं आणि सावत्र वडिलांनी ते लांबून बघितलं, सायकलवर टांग टाकून गाडीच्या मागे गेले. मग संशय कोणावर? त्यांच्यावर. सावत्र ना! वर्षानुवर्षं त्यांच्याकडे बोटं दाखवली गेली, संसारही मोडला. मुलगी अठरा वर्षांनी, ऑगस्ट २००९ मध्ये, जिवंत सापडली, लैंगिक गुन्ह्यात आधीच शिक्षा झालेल्या आणि पॅरोलवर असलेल्या एका माणसाच्या घरामागच्या शेड आणि तंबूंमध्ये. त्या घरी पॅरोल अधिकारी नियमित येऊन जात होते. २००६ मध्ये तर शेजारच्यांनी फोन करून सांगितलं होतं की मागच्या अंगणात तंबूत माणसं राहतात, पोरंही आहेत, आणि आलेला पोलीस दारातूनच बोलून परत गेला. म्हणजे ज्याने डोळ्यांनी बघितलं, पाठलाग केला, त्याच्यावर सगळ्यांची नजर आणि ज्याच्या नावावर गुन्हा नोंदलेला त्याच्या अंगणात कोणी डोकावेना.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. लोकांच्या बोलण्याने आईवडिलांना त्रास होतो हे तर आहेच, पण ते बोलणं मुलाच्या शोधातही आडवं येतं.

आमच्या ओळखीत एका घरी असं झालं. दहा वर्षांचा मुलगा संध्याकाळी खाली खेळायला गेला आणि अंधार पडला तरी वर आला नाही. आई पोलिसांना फोन करायला निघाली तर घरातल्या मोठ्या माणसांनी थांबवलं, आधी आपण बघू, उगाच बोभाटा नको, उद्या सगळ्या बिल्डिंगमध्ये होईल. दीड-दोन तास असेच गेले, म्हणजे ज्या वेळात सगळं हाती लागू शकतं नेमका तोच वेळ. शेवटी पोलिसात गेल्यावर त्यांनी विचारलं, घरात काही झालं होतं का, कोणी रागावलं होतं का? नाही नाही, काहीच नाही, असं दोघंही एका सुरात म्हणाले. खरं म्हणजे दुपारी मार्कांवरून वडिलांनी त्याला चांगला बडवला होता. ते आई बोलली ती बाहेर आल्यावर, एका कॉन्स्टेबल बाईंपाशी, तेही अगदी खालच्या आवाजात, आणि त्या बाईंनी लगेच विचारलं की याच्या वर्गातला सगळ्यात जवळचा मित्र कुठे राहतो. मुलगा तिथेच होता, मित्राच्या आजीला ‘घरी सांगून आलोय’ अशी थाप मारून बसला होता.

सांगितलं का नाही असं मी नंतर तिला विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर त्याला काही झाल्यावर सगळ्यांनी म्हटलं असतं, तुम्हीच मारलं म्हणून गेला.

मारणं चुकीचंच आहे, त्यावर मी पांघरूण घालत नाहीये. पण मूल रागाने स्वतः निघून गेलंय की कोणी नेलंय यावर शोध कुठल्या दिशेने करायचा ते ठरतं, मित्राचं घर, आजोळ, स्टेशन बघायचं की सीसीटीव्हीत अनोळखी गाडी शोधायची, आणि ते ठरवणारी माहिती नेमकी तीच असते जी सांगायची लाज वाटते. नवराबायकोचं भांडण, मी झोपले होते, मी फोनवर होतो, दार उघडं राहिलं, त्याला मारलं, तिच्या मोबाईलवर कोणाचे तरी मेसेज यायचे. आपण बाहेरून जितकं ओरडतो तितकी ही माहिती घरात दाबली जाते. आणि दुसऱ्या दिवशी काय झालं माहितीये? पोरगा सुखरूप घरी आल्यावर येणारा प्रत्येक माणूस आईला विचारत होता, तू काय करत होतीस? वडील तिथेच सोफ्यावर बसलेले, त्यांना एकानेही विचारलं नाही.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ लोकांना वाटतं की चोवीस तास झाल्याशिवाय तक्रारच घेत नाहीत. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी असू शकते असं धरूनच गुन्हा नोंदवायचा. थांबण्याची सक्ती कायद्यात नाही आणि लोक काय म्हणतील या भीतीने ती आपणच आणली. त्या निकालाच्या आधी गरिबांच्या बाबतीत काय चालायचं ते दिल्लीजवळच्या निठारीत दिसलं. मुलं एकामागून एक नाहीशी होत होती, आईबाप पोलिसात खेटे घालत होते आणि त्यांना सांगितलं जात होतं की पळून गेली असतील, घरचे लक्ष देत नसतील. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या नाल्यातून सांगाडे निघाले. श्रीमंतांची पोरं हरवली तर आईबाप मजा मारत होते आणि गरिबांची हरवली तर त्यांना पोरांची काळजीच नसते. ऐपतीप्रमाणे आरोप बदलतो, आरोपी तेच राहतात.

लोक असं का बोलतात याचं मला फारसं कोडं नाही. त्यांचं काहीतरी चुकलं म्हणून झालं असं ठरवलं की मी तसा चुकत नाही, म्हणून माझं मूल सुरक्षित, असा हिशोब जुळतो आणि रात्री झोप लागते. तेवढं मी समजू शकते. पण तो हिशोब मनातच ठेवावा, हरवलेल्या मुलाच्या फोटोखाली लिहू नये.

आता पेपरकडून काय हवंय तेही लिहिते, नुसती तक्रार करून उपयोग नाही. बातमीत वर आधी मुलाचा फोटो, अंगावरचे कपडे, शेवटचं कुठे दिसलं, आणि ११२ (तातडीची मदत) व १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे नंबर ठळक द्या. ‘आईच्या वागण्यावर संशय’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार घरात कलह’ असली शीर्षकं, पोलिसांनी अधिकृतपणे नाव घेऊन सांगितल्याशिवाय, देऊ नका, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं म्हणून ती निर्दोष होत नाहीत. संशय टाकणारी बातमी पहिल्या पानावर आली असेल तर तो संशय फिटल्याची बातमीही पहिल्याच पानावर घ्या, आत वधूवरांच्या शेजारी दोन ओळीत नको.

आणि शेवटचं म्हणजे, मूल सापडलं की तुमच्या वेबसाईटवरून त्याचं नाव आणि फोटो काढून टाका. ‘सापडला’ एवढी बातमी ठेवा, ती हवीच, नाहीतर लोक जुना फोटो वर्षभर पुढे पाठवत बसतात. पण तो मुलगा उद्या कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल, तेव्हा त्याचं नाव टाकलं की आधी आईवडिलांवरच्या त्या सगळ्या बातम्या वर यायला नकोत. हे काम तुमच्या ऑफिसमध्ये कोणाकडे असतं आणि त्यासाठी अर्ज कुठे करायचा, एवढं एकदा पेपरात छापलंत तरी बऱ्याच जणांची सोय होईल.

आपली,
एक नियमित वाचक