वसईच्या गिटारवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घेतेस ना?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय पेटी येते पण गिटारला हात लावायचा धीर होत नाही असे कितीतरी जण असतील. तुमची शिकवण्याची रीत त्यांच्यापर्यंत पोचावी, असंही मनात आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याकडे कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा, एक तक्ता होता. सहा उभ्या रेघा, त्यांवर काळे ठिपके. प्रत्येक कॉर्ड म्हणजे पाठ करायचं एक वेगळं चित्र, असंच तो बघून वाटायचं. तुम्ही तो बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "भजनात पेटी वाजवतेस ना? मग या तारा ओळख." जाड तारेपासून एकेक छेडत तुम्ही पेटीच्या भाषेत नावं सांगितलीत: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि शेवटची बारीक तार पुन्हा पांढरी तीन. त्या घडीला गिटार माझ्यासाठी परकी राहिली नाही.

तारा जुळवणंही तसंच शिकवलंत. जाड तारेचा पाचवा फ्रेट (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीने आखलेलं घर) दाबला की खालच्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो, कारण पाचवा फ्रेट म्हणजे त्या तारेचा शुद्ध मध्यम. फक्त तिसऱ्या तारेवरून दुसरी (तारांचे आकडे बारीक तारेपासून मोजायचे) जुळवताना चौथा फ्रेट दाबायचा, म्हणजे गंधार. हा अपवाद नुसता पाठ केला असता तर मी तो रोज विसरले असते. 'तिथे म नाही, ग' एवढं ऐकलं आणि कान आपोआप तिकडे वळला.

मग ई मेजर ही कॉर्ड. जाड तारेवरून हात फिरवायला लावलात आणि म्हणालात, "आता तर्जनी उचल, बाकी काही हलवू नकोस." ई मायनर झाली. तिसऱ्या तारेवरचा शुद्ध गंधार कोमल झाला होता, बाकी सगळं जागच्या जागी. मेजर आणि मायनर यांतला फरक मी आधी वाचला होता, पण तो ऐकला त्या दुपारी.

नवशिक्याची खरी अडचण कॉर्ड धरण्यात नसते, एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्यात असते. हात तारांवरून पूर्ण उचलला जातो आणि ठेका तुटतो. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी आधी विचारायचात, "कुठलं बोट राहतंय?" ए मायनरवरून सी मेजरला जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागेवरच राहतं, एकटी अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. ए मायनरवरून ई मेजरला जायचं तर तीच आकृती अख्खी एक तार जाड तारांकडे सरकते. हा एक प्रश्न विचारण्याची सवय लावलीत, त्याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे.

आणि माझ्या गिटारचं सॅडल! तारा इतक्या उंच होत्या की बोटं कापली जायची, आणि मला वाटायचं माझ्याच हातात ताकद नाही. तुम्ही तारा सैल करून ब्रिजवरची ती पांढरी पट्टी काढलीत, सपाट फरशीवर पॉलिशपेपर ठेवून तिचा तळ घासलात, पुन्हा बसवून पाहिलंत, पुन्हा थोडी घासलीत. घाई अजिबात नाही, कारण जास्त घासली गेली तर तारा फ्रेटवर खडखडतात. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने आधी गिटार कुणा जाणत्याला दाखवावी, असं मी आता आवर्जून सांगते. कित्येक जण तारांच्या उंचीमुळेच सोडून देत असतील.

पण हे पत्र लिहायला खरं निमित्त झालं ते आमच्या भजनी मंडळाचं. आम्ही बायका काळी चारमध्ये गातो. तुम्ही पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावून दिलात, जी मेजर धरली की काळी चार तयार. अभंगाची चाल भूप रागातली. जी मेजर आणि ई मायनर छान बसल्या, पण डी मेजर आली की काहीतरी खुपायचं. तुम्ही डोळे मिटून एकदा ऐकलंत आणि म्हणालात, "भूपात निषाद नाही, आणि तो तुझ्या पहिल्या तारेवर आहे. ते बोट उचल." बोट उचलल्यावर मोकळ्या तारेचा धैवत वाजला आणि सगळं भूपात आलं. आयुष्यभर चर्चच्या क्वायरमध्ये मिस्साची गीतं वाजवलेल्या माणसाने आमच्या अभंगातला निषाद असा अचूक पकडावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. मंडळातल्या सगळ्यांच्या वतीने त्याबद्दल मनापासून आभार.

एफ मेजरची अख्खी पट्टी, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरलेली कॉर्ड, अजून नीट वाजत नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सध्या बारीक चारच तारांवर धरते आणि तर्जनी फ्रेटला खेटून ठेवते. येत्या रविवारी मिस्सा आटोपली की दाखवायला येईन.

नाताळच्या तालमींना क्वायरमध्ये पेटीची साथ हवी असेल तर हक्काने सांगा. स्वरलिपी आधी दिलीत तर तयारी करूनच येईन.

तुमची,
शेजारच्या आळीतली पेटीवाली