कोइम्बतूर ट्रॅक डे: निघायच्या आधी वाचा

मंडळी, रविवारी करी मोटर स्पीडवेला जातोय, तर ज्यांनी अजून ब्रेक फ्लुइड बदललं नाहीये त्यांनी या आठवड्यातच बदलून घ्या प्लीज. डॉट 4 (ब्रेक फ्लुइडचा एक ग्रेड) नवं असताना 230 डिग्रीच्या खाली उकळत नाही पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग हाच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो, मागच्या वेळी फ्लुइड उकळून माझं पेडल मऊ पडत पडत थेट फ्लोअरला टेकलं होतं, पोटात गोळाच आला. ट्रॅक 2.1 किमीचाच आहे, ब्रेकला थंड व्हायला फार वेळ मिळत नाही.

नवीन लोकांनी पहिले चार-पाच लॅप निवांत मारा. सरळ रेषेतच ब्रेक उरकायचा मग वळायचं, नजर बॉनेटवर नाही, एपेक्सवर (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूवर) आणि तिथून पुढे एक्झिटवर. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जायचं ते ट्रेल ब्रेकिंग दुपारच्या सेशनला बघू, घाई करू नका.

सेशन संपलं की ब्रेक थंड करायला एक हळू कूल-डाऊन लॅप, आणि ब्रेक तापलेले असतात म्हणून पिटमध्ये हँडब्रेक अजिबात ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवा. हेल्मेट, बूट, टो हुक (गाडी ओढून न्यायचा हुक) विसरू नका. आणि प्रॅक्टिस म्हणून ताम्हिणीत गाड्या पळवू नका रे, तिथे वळणावर समोरून एसटी येते.