आता शिकवत नाही, मग करते काय?

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही शेजारच्या काकांना सांगताना मी ऐकलं, "ती तिकडे शाळेत पैशांचं काहीतरी बघते." आईने तर सरळच विचारलं होतं की चांगली शिकवत होतीस, ते सोडून खुर्चीत का बसलीस. फोनवर सांगायला गेलं की कुकरची शिट्टी होते आणि विषय राहतो. म्हणून लिहिते.

माझ्या पदाचं नाव फेडरल प्रोग्राम्स डायरेक्टर. इथे टेक्सासमध्ये शाळा स्कूल डिस्ट्रिक्टच्या असतात. या डिस्ट्रिक्टचं स्वतःचं निवडून आलेलं बोर्ड असतं, तो लोकांच्या घरांवर कर बसवतो, शिक्षक नेमतो, बस चालवतो. तुमच्या झेडपीचा शिक्षण विभाग वेगळा काढून स्वतःच्या पायावर उभा केला तर जे होईल, ते. त्यामुळे शाळांचा बहुतेक पैसा स्थानिक कर आणि राज्य यांच्याकडून येतो. वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, वाटा देशभराचा हिशेब धरला तर दहा टक्क्यांच्या आसपास. पण तो ठरावीक मुलांसाठी येतो: गरीब घरांतली, इंग्रजी न येणारी, शेतमजुरांची, बेघर. तो मागायचा, शाळांना वाटायचा, आणि तो त्याच कामी लागला हे कागदावर दाखवायचं, हे माझं खातं.

हा पैसा सुरू कसा झाला ते बाबांना आवडेल. लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १९२८ मध्ये, इथल्याच टेक्सासमधल्या कोटुला गावात मेक्सिकन मुलांना शिकवत होते. मुलं उपाशीपोटी यायची. पुढे १९६५ च्या ११ एप्रिलला त्यांनी शिक्षणाच्या मोठ्या कायद्यावर सही केली, ती राजधानीत नाही, तर लहानपणी स्वतः शिकले त्या एकखोली शाळेच्या अंगणात, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून. त्याच कायद्याचं पहिलं, गरीब मुलांसाठीचं प्रकरण म्हणजे टायटल वन. आज त्यातून वर्षाला साधारण १८ अब्ज डॉलर शाळांना जातात. कायद्याचं नाव २००२ मध्ये बदललं, २०१५ मध्ये पुन्हा बदललं. टायटल वन मात्र टिकलं.

आता यातली खरी गोम. हा पैसा जादाचा आहे. डिस्ट्रिक्टने जे स्वतःच्या खिशातून करायलाच हवं, ते या पैशातून करायचं नाही. नाहीतर काय होईल, वॉशिंग्टनने गरीब शाळेला दिले की बोर्ड आपले तेवढेच हळूच काढून घेईल आणि पोरांच्या हातात पूर्वीइतकंच उरेल. सुरुवातीच्या वर्षांत अनेक ठिकाणी हेच झालं होतं. म्हणून मला दरवर्षी दाखवावं लागतं, की टायटल वन अस्तित्वातच नाही असं समजून प्रत्येक शाळेला तिचा वाटा आधी दिला, आणि मग त्यावर हे घातले. बाबा, एका हेडचे दुसऱ्या हेडला न लावण्यावरून तुम्ही पंचायत समितीत किती भांडलात! मी ते भांडण पगार घेऊन करते.

मग शाळा निवडायच्या. सगळ्या शाळा गरीब मुलांच्या टक्केवारीने उतरत्या क्रमाने लावायच्या. ७५ टक्क्यांच्या वरच्या शाळांना आधी द्यावंच लागतं, त्यात माझी मर्जी चालत नाही. त्याखाली थोडी मोकळीक असते आणि तिथेच झोप उडते. पैसा दहा शाळांत पातळ करून वाटला तर सगळे खूश, आणि एकाही मुलाला वाचायला येत नाही. मी कमी शाळांना जास्त देण्याच्या बाजूची आहे. त्यामुळे यादीबाहेर राहिलेल्या शाळेची मुख्याध्यापिका माझ्याशी कॉरिडॉरमध्ये बोलत नाही. तिचंही चूक नाही, तिच्याकडची गरीब मुलं काही कमी गरीब नाहीत. फक्त शेजारी बसलेली मुलं बऱ्या घरची आहेत.

नाही म्हणणं हा या कामाचा मोठा भाग. कोणाला सभागृहाच्या खुर्च्या बदलायच्या असतात, कोणाला वर्षाच्या शेवटी उरलेल्या पैशांचे टॅबलेट घ्यायचे असतात (मार्च एंड इथेही आहे, फक्त महिना वेगळा). मी एकच विचारते: मुलांची कुठली अडचण तुम्हाला आकड्यांत दिसली, आणि ही वस्तू ती कशी सोडवणार? बहुतेक वेळा पुढचा माणूस गप्प होतो. ज्या बाईंचा अर्धा पगार या पैशातून निघतो, त्यांनी त्या वेळात काय केलं याचीही नोंद ठेवावी लागते. त्या मला कंटाळल्या आहेत. ऑडिटर आला की मग माझी आठवण काढतात.

एक गोष्ट तुम्हाला पटणार नाही. आमच्या हद्दीतल्या गरीब घरचं मूल चर्चच्या खासगी शाळेत जात असेल, तरी त्याचा वाटा काढून ठेवावा लागतो. त्या शाळेच्या हातात रोख एक डॉलरही देत नाही. आमच्या ताब्यातल्या पैशातून शिकवणीची व्यवस्था करतो. मला हे बरोबर वाटतं, बाबांचा तोंडाचा चंबू मला इथून दिसतोय.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. शाळेत नाव घालताना फॉर्मवर विचारतात, घरात कोणती भाषा बोलता. इंग्रजीखेरीज दुसरी लिहिली की मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि गरज असेल तर जादा मदत मिळते. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं, की न समजणाऱ्या भाषेत वर्गात बसवून ठेवणं म्हणजे शिकवणं नव्हे. तर ऑस्टिनच्या एका कार्यक्रमात भेटलेली मराठी आई मला कुजबुजत म्हणते, "आम्ही इंग्लिशच लिहिलं हं, उगाच मागच्या वर्गात टाकतील." घरात आजी येऊन राहिलेली, सगळं मराठीत चाललेलं! तिला सांगितलं, मागे टाकत नाहीत, आणि मदत नको असेल तर तसं लिहून देता येतं.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते शेतमजुरांच्या मुलांचं काम. बाबा, कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडची माणसं कोप्या टाकायची आणि तुम्ही संध्याकाळी सायकलवरून पोरं मोजायला जायचात. पटावर घ्यायची कशी, दाखला नाही, फेब्रुवारी-मार्चला निघून जाणार, हा घोळ मी लहानपणापासून ऐकला. इथे दक्षिण टेक्सासमधली कुटुंबं वसंतात शाळा अर्धी टाकून उत्तरेला मिशिगनकडे शेतात कामाला जातात आणि शाळा सुरू झाल्यावर उशिरा परततात. १९६६ पासून त्यांच्यासाठी वेगळा निधी आहे. आमची एक बाई घरोघर फिरून विचारते, गेल्या तीन वर्षांत शेतकामासाठी गाव सोडलं होतं का. उत्तर हो आलं की मूल नोंदलं जातं, आणि त्याचे गुण, लसी, अर्धवट राहिलेले विषय राज्याराज्यांना दिसतील अशा नोंदीत चढतात. ही बाई काय करते ते मला कोणी समजावून द्यावं लागलं नाही.

म्हणूनच २०२५ चा जुलै इतका जड गेला. १ जुलैला मिळणारे सहा अब्जांहून जास्त डॉलर वॉशिंग्टनने आदल्या दिवशी कळवून रोखले. त्यात हाच मजुरांच्या मुलांचा निधी, इंग्रजी शिकवण्याचा, शिक्षक प्रशिक्षणाचा. टायटल वनचा मुख्य भाग वाचला होता. माणसं नेमलेली, करार झालेले, आणि मला कळेना की त्या बाईंना ऑगस्टला या म्हणू की नको. महिनाअखेर पैसे सोडले. त्याआधी मार्चमध्येच केंद्राचं शिक्षण खातं बंद करण्याच्या दिशेने आदेश निघाला होता. कायदा मात्र संसदेचा आहे, तो आदेशाने पुसला जात नाही, आणि मी कायद्याला धरून फॉर्म भरत राहते.

तर आई, खुर्चीत बसले ते यासाठी. वर्गात माझी बावीस मुलं होती. त्यांना जादा बाई मिळणार की नाही हे दुसरंच कोणीतरी ठरवायचं. ठरवणाऱ्याच्या खोलीत वर्ग पाहिलेलं माणूस असावं असं मला वाटलं.

आणि म्हणूनच मे-जूनमध्ये येता येत नाही. पुढच्या वर्षाचे अर्ज तेव्हाच भरायचे असतात. दिवाळीत येते, तिकीट बघून ठेवलंय. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी मुळीच लांबवू नका. दादाला सांगा, विम्याचे सगळे कागद स्कॅन करून मला पाठव, सहीच्या आधी. दुसऱ्यांचे कागद वाचून पोट भरते, घरचे फुकट वाचीन.

तुमची,
मनू