गुढीपाडव्यानंतर वर्गात परतणारी मुले

महोदय,

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांबद्दल उचल (मजुरांना आगाऊ दिलेली रक्कम), मुकादम (टोळी नेणारा कंत्राटदार) आणि मजुरी या अंगाने पुष्कळ लिहिले जाते. सोबत जाणाऱ्या सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या मनाबद्दल मात्र क्वचितच. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या वयाचा मुख्य झगडा उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड असा मांडला आहे, म्हणजे ‘मला हे जमते’ ही खात्री मूल याच काळात, बरोबरीच्या मुलांशी स्वतःला ताडून पाहत कमावते.

माझ्या वर्गातली चौथीची एक मुलगी गुढीपाडव्यानंतर परतली, तेव्हा तिची मैत्रीण दुसऱ्या मुलीशेजारी बसू लागली होती आणि लगोरीत तिला कोणी आपल्या बाजूला घेत नव्हते. फळ्यावरच्या गुणाकारापुढे ती नुसती उभी राहिली. उसाच्या फडावर वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या विकून हिशेब तीच तोंडी करायची, हे तिच्या आईकडून कळले. दुसऱ्या दिवशी तोच गुणाकार पेंढ्यांचा करून विचारला, तर उत्तर सर्वांआधी तिचे आले. (चूक माझ्याच प्रश्नात होती, हे कबूल करतो.)

आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी सुरू व्हावीत, ही मागणी जुनीच आहे. परतलेल्या मुलांची पहिली चाचणी तोंडी घेणे मात्र शाळांना आदेशाची वाट न पाहताही जमेल.

— एक प्राथमिक शिक्षक, धारूर, जि. बीड