विषय: ‘स्पर्धेसाठी जुळवलेली’ म्हणून विकलेल्या रिव्हॉल्वरच्या जोडीपैकी एक सदोष, बदलून मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

महोदय,

काल रात्री तुमच्या माणसाशी फोनवर बोलले, ते शेवटचं. यापुढे मी फोन करणार नाही, म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण माझं आडनाव ऐकल्यावर त्याने स्वतःच मराठी सुरू केलं आणि तुमचा हा विभाग पुण्यातून चालतो असं सांगितलं. मला बरं वाटलं होतं. इथे अमेरिकेतून इंग्रजीत इतके दिवस सांगूनही जे कुणी ऐकून घेतलं नाही, ते आता तरी ऐकतील असं वाटलं.

माल कोणता ते सोबतच्या बिलावर आहे. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शनच्या (दर गोळीला घोडा हाताने चढवावा लागतो अशा रिव्हॉल्वरच्या) इटालियन प्रतिकृती, .३५७ कॅलिबर, पावणेपाच इंची नळी, एक जोडी. तुमचा माल तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थेट दोषावर येते. जोडीतल्या दुसऱ्या रिव्हॉल्वरचा घोडा (अंगठ्याने मागे ओढायचा तो) हळू चढवला की चार खटक्यांपैकी चौथा, शेवटचा वाजतो, घोडा पूर्ण चढलेला असतो, पण काडतुसांचा फिरणारा सिलिंडर मात्र जागेवर आलेला नसतो. केसभर मागे राहतो. अंगठ्याने पुढे ढकलला तर ‘टक्’ करून सिलिंडर अडवणारा बोल्ट त्याच्या खाचेत बसतो. झटक्यात चढवला तर सिलिंडर आपल्याच वेगाने पुढे जातो आणि दोष दिसत नाही. सिलिंडरमधल्या काडतुसांच्या सहापैकी दोन घरांवर हे हटकून होतं. इथल्या बंदूक कारागिराने न खोलता, नुसतं बघून सांगितलं की सिलिंडर फिरवणारा आतला ‘हँड’ आखूड आहे. खोलायला मी त्याला परवानगी दिली नाही, कारण बाहेरच्या माणसाने हात लावला तर वॉरंटी संपेल, असं तुम्हीच बजावलं होतं.

ही किरकोळ कुरकुर नाही. घर आणि नळी एका रेषेत नसताना गोळी सुटली की नळीच्या मागच्या, सिलिंडरकडच्या तोंडाशी शिसं तासलं जातं आणि त्याचे कण बाजूला उडतात. क्लबच्या काउबॉय नेमबाजीच्या सामन्यात माझ्या उजव्या हाताला उभ्या असलेल्या स्पॉटरच्या (नेम लागला की चुकला ते मोजणाऱ्याच्या) गालाला असा कण लागला. रेंजवर चष्मा सक्तीचा असतो म्हणून डोळा वाचला. टायमर घेऊन मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने तिथल्या तिथे ते रिव्हॉल्वर खाली ठेवायला लावलं. योग्यच केलं. उरलेल्या तीन गोळ्या नियमाप्रमाणे चुकलेल्या धरल्या, प्रत्येकी पाच सेकंद. ज्या खेळात चांगला नेमबाज अख्खा टप्पा अर्ध्या मिनिटाच्या आत संपवतो, तिथे पंधरा सेकंदांचा दंड म्हणजे सामना गेला.

आता खेळाबद्दल. काल फोनवर जे झालं, त्यावरून तुमच्या लोकांना तो माहीत नाही हे उघड आहे, आणि तरीही तुम्ही त्याच खेळाच्या नावावर माल विकता. सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी ही संस्था १९८७ पासून अमेरिकेत आहे. तिच्या नियमाने होणाऱ्या काउबॉय सामन्यात एकोणिसाव्या शतकातल्या बनावटीची शस्त्रं लागतात: दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर, पिस्तुलाचं काडतूस चालणारी लिव्हरची रायफल, आणि एक शॉटगन. लक्ष्यं पोलादी, गोळ्या शिशाच्या, रिव्हॉल्वरच्या गोळीचा वेग सेकंदाला हजार फुटांच्या आत. प्रत्येक रिव्हॉल्वरमध्ये पाचच काडतुसं भरायची, घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा. हे पाचाचं बंधन उगाच नाही. जुन्या पद्धतीच्या यंत्रात घोडा भरलेल्या घरावर टेकलेला असेल आणि हत्यार खाली पडलं, तर गोळी सुटू शकते. त्या काळची माणसंही म्हणूनच पाच भरायची. आम्ही त्या काळचे कपडे घालतो, रेंजवर त्या काळाला साजेसं टोपणनाव घेतो. आणि हत्यार ज्या पद्धतीने तेव्हा चालवलं जायचं त्याच पद्धतीने चालवतो: दर गोळीला अंगठ्याने घोडा चढवून.

स्वस्तात घ्यायचं होतं, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खरा कोल्ट मला परवडणारा नाही. १९४० पूर्वीचा पहिल्या पिढीचा तर संग्राहकांच्या तिजोरीतच असतो. माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक, रुगर कंपनीचा २००५ मध्ये आलेला न्यू व्हाकेरो. आत कॉइल स्प्रिंगा, चाप ओढल्याशिवाय गोळी सुटू न देणारा ट्रान्सफर बार, वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालणारा. दुसरा, इटालियन प्रतिकृती. जोडीमागे पैसे वाचतात, आणि घोडा चढवताना ते चार खटके जसेच्या तसे ऐकू येतात. माझा कल रुगरकडे होता, कारण या जुन्या रचनेतली पट्टीची स्प्रिंग मोडते हे क्लबातला प्रत्येक जण सांगतो. तुमच्या विक्रीच्या माणसाने मला इटालियनकडे वळवलं. साध्या जोडीऐवजी ‘जुळवलेली’ घ्या, म्हणाला. हलक्या स्प्रिंगा, खाली वाकवलेला रुंद घोडा, ‘कारागिराने एकेक हाताने तपासलेली, पेटीतून काढा आणि सामन्याला जा.’ त्या तपासणीचे वेगळे पैसे तुम्ही घेतलेत. बिलावर ती ओळ आहे. मग सिलिंडर जागेवर येत नाही, हे त्या तपासणीत कुणाला दिसलं नाही?

.३५७ च्या हत्यारात .३८ स्पेशल काडतूसही चालतं, ते वापरायचं म्हणून मी .३५७ घेतलं. धक्का कमी, काडतूस स्वस्त, कवच पुन्हा भरता येतं, आणि तेच काडतूस माझ्या रायफलीत चालतं. सगळा विचार करून, पै पै जमवून ही खरेदी केली होती.

मी ते रिव्हॉल्वर तुमच्याकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी लिहिली: ‘कृपया घोडा हळू चढवून पाहा.’ शब्द अधोरेखित केले होते. परत आलं तेव्हा पेटीत तुमचा छापील कागद: ‘तपासले. दोष आढळला नाही.’ मी पेटी उघडल्या उघडल्या घोडा हळू चढवला. सिलिंडर केसभर मागे!

आता कालचा फोन. हे सविस्तर लिहितेय, कारण हे तुमच्या नावाने बोललं गेलंय आणि तुम्ही ते वाचायलाच हवं.

मी दोष सांगितला. तो म्हणाला, “ताई, पण गोळी तर सुटतेय ना?”

मी म्हटलं, सुटते, पण शिसं उडतं, माणसाला लागलंय.

“मग तुम्ही घोडा जोरात चढवा की.”

मी म्हटलं, अहो दादा, हत्यार नीट नाही म्हणून माझ्या हाताने जोर लावायचा का? सामन्यात अंगठा घसरतो, हात थकतो, तेव्हा काय करायचं?

त्यावर तो थोडा थांबला. मग म्हणाला, “दुसरं रिव्हॉल्वर चांगलं आहे ना?”

हो, म्हटलं.

“मग त्या एकावरच खेळा. दोन कशाला लागतात?”

दोन कशाला लागतात! ज्या पानावरून मी ही खरेदी केली, त्या तुमच्याच पानावर ‘काउबॉय सामन्यांसाठी जोडी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. जोडी का विकता, हे विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला ठाऊक नाही. मी त्याला नियम सांगितला. एका रिव्हॉल्वरवर मुख्य सामन्यात उभंही राहता येत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, खरं सांगू का, हे जुनं मॉडेल असंच असतं. शोभेलाच लोक घेतात. तुम्ही सरळ नऊ एमएमचं सेमी-ऑटोमॅटिक घ्या ना, आत्ता सेल चालू आहे, यापेक्षा स्वस्त पडेल.”

महोदय, यावर काय बोलावं मला सुचलं नाही. ज्या खेळाचा जीवच १८७३ च्या यंत्रात आहे, त्या खेळाडूला तुम्ही आजचं पिस्तूल सेलमध्ये घ्यायला सांगता. याच संस्थेच्या वाइल्ड बंच प्रकारात सेमी-ऑटोमॅटिक चालतं, पण तेही १९११ च्या बनावटीचं, .४५ कॅलिबरचं. तुमचं कार्यालय पुण्यात आहे. बालेवाडीच्या रेंजवर घडलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं. त्या रेंजवरच्या कुठल्याही पोराला जाऊन विचारा, ‘गोळी सुटतेय ना’ हे उत्तर नेमबाजाला देतात का. आणि ‘शोभेलाच घेतात’? शोभेच्या वस्तूसाठी मी पार्श्वभूमीची तपासणी करून घेतली? फॉर्म भरला? परवानाधारक दुकानदाराला हस्तांतराची फी दिली?

हस्तांतरावरूनच शेवटचं. परराज्यातून मागवलेलं रिव्हॉल्वर इथल्या १९६८ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे स्थानिक परवानाधारक दुकानदारामार्फतच ताब्यात घ्यावं लागतं. त्याच्या काउंटरवर मी दोन्ही पाहिली. पण त्याच्या दुकानात घोडा शंभरदा चढवून बघता येत नाही आणि गोळी तर झाडताच येत नाही. ताबा घेतला की ते ‘वापरलेलं’, आणि वापरलेलं परत घेत नाही, हा तुमचा नियम. म्हणजे दोष फक्त वापरल्यावर कळणार, आणि वापरलं की परत नाही. मग ग्राहकाने करायचं काय? हे मी प्रत्येक फोनवर विचारलंय. आजवर कुणीही उत्तर दिलेलं नाही. पुन्हा विचारते: दोष वापरल्यावरच कळत असेल, तर ग्राहकाने करायचं काय?

या कंपनीकडून मी आधी रायफल घेतली होती. ती उत्तम आहे. क्लबात नव्याने येणारे विचारायचे, कुठून घेऊ, बजेट कमी आहे. मी तुमचं नाव सांगायचे. परवाच एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं आणि मला तुमचं नाव घेववलं नाही. तिने रुगरची एक जुनी वापरलेली जोडी घेतली.

मला हवंय ते एवढंच. सदोष रिव्हॉल्वर बदलून द्या, आणि बदलीचं हत्यार पाठवण्यापूर्वी सहाही घरांवर घोडा हळू चढवून तपासल्याचं कारागिराच्या सहीने लिहून द्या. हस्तांतराची नवी फी तुम्ही भरा. बदलून देता येत नसेल तर दोन्हींचे पूर्ण पैसे परत करा, कारण एकट्या रिव्हॉल्वरचा मला उपयोग नाही. दोन कशाला लागतात ते वर लिहिलंच आहे. तुमच्या पानावरचं ‘पेटीतून काढा आणि सामन्याला जा’ हे वाक्य आजच्या आज काढून टाका. दुसरा कुणी ते वाचून, न तपासता, खरंच सामन्याला जाईल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर कार्ड कंपनीकडे व्यवहाराला हरकत घेईन आणि ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार नोंदवीन. स्पॉटरच्या गालाला झालेल्या जखमेचा फोटो आणि घोडा हळू चढवतानाचा व्हिडिओ दोन्हीकडे जोडला जाईल. तोच व्हिडिओ सोबत पाठवते आहे. आवाज चालू ठेवून पाहा, चौथा खटका आधी ऐकू येतो आणि सिलिंडर नंतर बसतो.

उत्तर लेखीच द्या. फोन नको.

आपली,
बिलावर नाव असलेली ग्राहक
फिनिक्स, ॲरिझोना

सोबत: बिलाची प्रत, ‘दोष आढळला नाही’ हा तुमचा कागद, व्हिडिओ