सूचना : देवनागरी पिक्सेल फॉन्ट पाठवण्याआधी

सभासदांनो, फाइली रविवारपर्यंत गटात टाका. उंची १६ चौकटी (पिक्सेल): शिरोरेषेवर ४, शिरोरेषा १, अक्षर ८, खाली उकारांना ३. एम (फॉन्टमधलं पूर्ण उंचीचं माप) १०२४ एकक ठेवा, म्हणजे एक चौकट नेमकी ६४ एककांची होते.

शिरोरेषा अक्षराच्या रुंदीच्या दोन्ही कडांना भिडलीच पाहिजे. बाजूला मोकळी जागा राहिली की शब्द तुटका दिसतो. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ऱ्हस्व वेलांटीची कमान पुढच्या अक्षरावर जायला हवी. रुंद अक्षरांसाठी वेगळी, लांब कमान काढा.

चाचणी १६, ३२, ४८ पिक्सेलवरच घ्या. २० हे १६ च्या पटीत नाही, त्यामुळे त्यावर रेषा कुठे जाड, कुठे बारीक होतात. नमुन्याला आपलीच गावं उत्तम: नंदुरबार, अमळनेर, मुक्ताईनगर, पाचोऱ्याला. त्यातला ‘ऱ्य’ आवर्जून तपासा, मराठीला तो हवाच.